दूरच्या गावचे प्रेम

प्रेमकथा वाचणाऱ्याच्या मताला आपल्याकडे कधीच मान मिळाला नाही. कादंबरी कशी वाटली हे प्राध्यापकाने सांगितले तर ती समीक्षा. तेच लोकलच्या डब्यात, स्वयंपाकघरात किंवा वर्गाच्या मागच्या बाकावर कुणी सांगितले तर ती नुसती आवडनिवड. मीरा रोड आणि भाईंदरहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या तरुण मंडळींत आज मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारे आहेत, आणि त्यातही प्रेम आणि कौटुंबिक ताणतणावांच्या मालिका आवडीने वाचणारे आहेत. त्यांची मते ठाम असतात. या नायकाने एकदाही माफी मागितली नाही, तिने त्याला परत जवळ करायला नको होते. हा गैरसमज एका वाक्यात मिटला असता, लेखिकेने तो उगाच ताणला. दुसरा मुलगा जास्त लायक होता. घरातल्या मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो आणि मराठी साहित्यव्यवहाराला तो दिसतच नाही. माझे म्हणणे असे की या मतांची मुळे मराठी वाचनाच्या दीडशे वर्षांच्या एका प्रथेत आहेत. प्रेमाची गोष्ट दूरच्या मुलखात नेऊन ठेवायची आणि तिथल्या माणसांच्या वागण्याचा निवाडा आपल्या घरात बसून करायचा, ही ती प्रथा. तिचा इतिहास नीट पाहिला तर मांगा वाचणाऱ्या मुलीला कुणी परक्या वाटेने गेलेली म्हणणार नाही.

सुरुवात मराठी कादंबरीच्या सुरुवातीपासूनच करावी लागते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजपुत्र, राजकन्या, अरण्ये, कपटी प्रधान, ताटातूट आणि भेट, असा या कादंबऱ्यांचा संसार. पुढच्या टीकाकारांनी त्यांना ‘अद्भुतरम्य’ या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवले. पण रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत आपली अडचण स्पष्ट मांडली आहे, आणि ती प्रस्तावना मला कादंबरीपेक्षा मोलाची वाटते. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीती अशा आहेत की रोजच्या आयुष्यात चटका लावील असे काही घडतच नाही. खऱ्या जगण्यावर लिहायला बसावे तर गोष्ट रंगत नाही, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय. ही लेखकाची पळवाट नव्हती, ते समाजाचे अचूक निदान होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न लागत होते. एकमेकांना पाहणे, आवडणे, थांबणे, नकार देणे, या पायऱ्या ज्या समाजात नव्हत्याच, तिथे प्रेमकथेने राहावे कुठे? तिला दूरच्या राज्यात घर बांधावे लागले. आणि त्या दूरच्या राज्यात, बहुधा प्रथमच, मराठी वाचकाला एका तरुण स्त्रीला निवड करताना पाहता आले. तिने बरोबर निवडले की चूक, हे मनातल्या मनात ठरवता आले.

हेच जपानमध्ये घडले, आणि तेही जवळजवळ याच कारणाने. तिथे १९१६पासून नोबुको योशिया हिच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथा मुलींच्या मासिकातून येऊ लागल्या. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींच्या परस्परांतल्या उत्कट स्नेहाच्या या गोष्टी. ज्या मुलींचे लग्न घरचेच ठरवणार होते, त्यांना भावनेचे स्वातंत्र्य मिळाले ते शाळेच्या त्या चार भिंतींत. युद्धानंतर मुलींसाठी चित्रकथांची मासिके निघाली, पण बराच काळ त्यांत चित्रे काढणारे बहुतेक पुरुषच होते. १९७०च्या आसपास मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा तरुण स्त्रिया पुढे आल्या आणि चित्र पालटले. या स्त्रियांनी आपल्या गोष्टी कुठे मांडल्या? इकेदाची ‘बेरुसाइयू नो बारा’ ही १९७२मध्ये ‘मार्गारेट’ साप्ताहिकात सुरू झालेली मालिका फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या व्हर्सायमध्ये घडते. तिची ऑस्कार ही पुरुषासारखी वाढवलेली, राजरक्षक दलाचे नेतृत्व करणारी स्त्री. हागिओची १९७४ची ‘तोमा नो शिन्झो’ जर्मनीतल्या मुलांच्या वसतिगृहात घडते. जपानी मुलीने तोक्योत जे करणे कठीण होते, ते पॅरिसमध्ये करून पाहिले. रिसबुडांच्या राजकन्येने आणि इकेदाच्या ऑस्कारने एकच काम केले आहे. मीरा रोडच्या वाचकासाठी आता तेच काम जपानी शाळेच्या व्हरांड्याने चालवले आहे. तिथली चेरीची झाडे, सणाच्या रात्रीची आतषबाजी, बुटांच्या कपाटात ठेवलेली चिठ्ठी, यांतले काहीच आपले नाही. म्हणूनच तिथे प्रेमात पडणाऱ्या मुलीवर बोलताना कुणाचे नाव घ्यावे लागत नाही, कुठली जात, कुठली इमारत, कुठला मजला हा प्रश्न येत नाही.

मराठीत हे अंतर पुढे कमी होत गेले, आणि ते कसे कमी झाले हे पाहण्यासारखे आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितलेली, पुण्या-मुंबईच्या घरांत घडणारी. त्याच सुमाराला, १८९१मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली आणि त्यावरून महाराष्ट्र किती पेटला हे सर्वांना माहीत आहे. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. कायद्याने सगळे बदलले असे कुणी म्हणणार नाही, पण शिकलेल्या मध्यमवर्गात शाळेत जाणारी, कॉलेजात जाणारी, अजून लग्न न झालेली मुलगी ही एक दिसणारी व्यक्ती झाली. तिच्यासाठी १९३०मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले. ना. सी. फडके यांचे नायक-नायिका याच वर्षांत टेनिस खेळत, मोटारीने हिंडत प्रेमात पडू लागले, ‘दौलत’ १९२९ची. आणि १९३३मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. मिळवत्या, प्रौढ, अविवाहित मुलींचे मन त्यात इतके उघडे होते की लेखिका कोण यावरच मोठे वादळ उठले. त्या मालतीबाई बेडेकर होत्या, हे बऱ्याच काळाने सर्वांना कळले. लेखिकेला नाव लपवावे लागले, यावरूनच दिसते की प्रेम गावाच्या वेशीत आले की त्याच्यावर मोकळेपणी बोलणे किती महाग पडते.

इथे एक आक्षेप लगेच येईल. फडके आणि खांडेकर यांचा कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद, हीच त्या काळातली खरी वाङ्मयचर्चा. घरोघरच्या वाचकांची मते म्हणजे तिची सावली. मला हे मान्य नाही. फडक्यांनी १९३१च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये कादंबरीचे तंत्र मन लावून शिकवले, खांडेकरांनी ध्येयाची बाजू तळमळीने मांडली, आणि दोघांचेही मराठीवर ऋण आहे. पण त्या वादात एक प्रश्न कुणाच्याच वाट्याला आला नाही: नायिकेने या माणसाशी लग्न करायला हवे होते का? वाचणाऱ्या बाईला नेमका हाच प्रश्न पडत होता, कारण तिच्या किंवा तिच्या मुलीच्या आयुष्यात तो उभा होता. तंत्र आणि ध्येय यांच्या मधोमध असलेली ही जागा, म्हणजे माणसाच्या वागण्याची पारख, वाचकांनी आपल्या बोलण्यात सांभाळली. ती लिहून ठेवली गेली नाही, एवढाच तिचा दोष.

ही पारख टिकली ती एका धंद्याच्या जोरावर, आणि तो धंदा म्हणजे सर्क्युलेटिंग लायब्ररी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. या मोठ्या संस्था, त्यांचा मान वेगळा. प्रेमकथेचा खरा आधार होता चाळीच्या कोपऱ्यावरची, अनामत आणि महिन्याची वर्गणी घेणारी छोटी लायब्ररी. खाकी कागदाचे कव्हर, आत तारखांचे शिक्के, आणि दिवाळी आली की नव्या अंकांसाठी लागणारे नंबर. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, ती या लायब्ररीने घरोघर पोचवली. चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे ही नावे इथे झिजून झिजून मोठी झाली. पुस्तक विकत घेणारे थोडे, लायब्रऱ्या पुष्कळ. म्हणून कुठल्या लेखिकेच्या किती प्रती हव्यात, हे काउंटरवरच्या मागणीवर ठरे. पुस्तक परत करताना वाचक जे दोन शब्द बोलत, त्यांचे वजन पुढे प्रकाशकापर्यंत जाई. जपानमध्येही युद्धानंतर काशिहोन नावाचा अगदी असाच धंदा होता: थोड्या पैशांत मांगा वाचायला भाड्याने देणारी दुकाने. १९५९पासून स्वस्त साप्ताहिके निघाली आणि ती दुकाने हळूहळू मिटली. पण तिथल्या मासिकांनी वाचकाचे मत हातातून जाऊ दिले नाही. अंकात प्रश्नांचे पोस्टकार्ड घालायचे, कुठली गोष्ट आवडली ते विचारायचे आणि त्यावर मालिकेचे आयुष्य ठरवायचे, ही पद्धत त्यांनी पक्की केली. त्या पोस्टकार्डाचे काही वाईट परिणामही आहेत, लोकप्रिय मालिका नको तितकी लांबते. तरी वाचकाचे मत तिथे मोजले गेले. आपल्याकडे ते काउंटरवर बोलले गेले आणि हवेत विरले.

एकदा मात्र ते न्यायालयापर्यंत पोचले. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि ऑगस्ट १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. निकालाचा आशय आजही वाचावा असा आहे. समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत, प्रेम आणि शृंगार असलेले वाङ्मय तरुणांच्या हाती सर्रास आहे, आणि केवळ त्या विषयामुळे कथा दूषित ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ‘श्यामा’ थोर कथा आहे असे मी म्हणत नाही, न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. पण मराठी प्रेमकथेच्या वाचकाची समज सर्वोच्च न्यायालयाला पुरेशी वाटली, ही गोष्ट त्या काळच्या समीक्षेपेक्षा उदार होती. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट देशभर चालला. लायब्ररीतल्या मराठी वाचकांनी आधीच पसंत केलेली गोष्ट इतक्या लोकांना रुचली.

मीरा-भाईंदर या साखळीत कुठे बसते? जेव्हा गिरगाव, दादर, ठाणे इथल्या लायब्रऱ्या भरात होत्या, तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरे, भातशेती, खाडी आणि उत्तनची कोळी वस्ती. ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली ती १९८५मध्ये, महानगरपालिका २००२मध्ये. १९९१च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१मध्ये सव्वापाच लाखांजवळ आणि २०११मध्ये आठ लाखांवर गेली. म्हणजे शहर वाढले ते नेमके त्या दशकांत, जेव्हा कोपऱ्यावरची लायब्ररी मिटत होती आणि संध्याकाळची जागा दूरचित्रवाणीच्या मालिकांनी घेतली होती. मुंबईतल्या चाळीतून इथे घर घेतलेल्या कुटुंबांनी भांडी-कपाटे आणली, देव्हारा आणला. लायब्ररीचे सभासदत्व आणता येण्यासारखे नव्हते. शिवाय हे शहर एकभाषी नाही. आगरी, कोळी, ख्रिस्ती, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुसलमान अशा शेजारात वाढलेल्या मुलांची शाळा बहुधा इंग्रजी, मैदानावरची भाषा हिंदी, घरातली मराठी. या मुलांना शिनचॅन आणि डोरेमॉन ही जपानी कार्टून हिंदीतून भेटली. जपानी घर, जपानी शाळा, जेवणाचा डबा, वर्गातली रांग हे सगळे त्यांच्या ओळखीचे झाले ते तेव्हाच. पुढे वयात आल्यावर त्याच मुलखातली प्रेमकथा त्यांनी हाती घेतली, यात नवल नाही. आजीच्या पिढीचे काउंटर त्यांच्या वाट्याला आले नाही, तरी निवाड्याची सवय आली.

परकेपणाचा आक्षेप इथे सर्वांत जोरकस होतो. आपल्या मुलांनी जपानी मुलांच्या प्रेमात का रमावे? पण फडक्यांवरही इंग्रजी वळणाचा आरोप होता. खरा प्रश्न असा की त्या परक्या गोष्टीतले काय वाचकाला कळते. कारुहो शीना हिची ‘किमी नी तोदोके’ ही मालिका २००६ ते २०१७ चालली. लाजरी सावाको आणि सर्वांचा लाडका काझेहाया यांची ही गोष्ट, आणि तिच्यात एकमेकांना हाक कशी मारायची यालाच घटनेचे वजन आहे. तो तिला कितीतरी काळ कुरोनुमा या आडनावानेच बोलावतो. पहिल्या नावाने हाक मारणे हे जवळीक मान्य करणे असते. इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्या अमेरिकन मुलाला हे टीप देऊन समजवावे लागेल. ज्या घरात आजीने आजोबांना आयुष्यभर ‘अहो’ म्हटले, नाव घ्यायचे तर उखाण्यात घेतले, त्या घरातल्या मुलीला टीप लागत नाही. लग्नाची बोलणी, आईवडिलांचा मान राखून आपले म्हणणे मांडणे, मनातले न बोलता कृतीतून सांगणे, हे सगळे तिला आतून ठाऊक आहे. तिची मते यामुळेच कधी कधी पाश्चात्त्य वाचकाहून वेगळी पडतात. नायिका पटकन का बोलत नाही, हा चिडका प्रश्न तिला क्वचितच पडतो, कारण न बोलण्याची किंमत आणि कारण दोन्ही तिने पाहिलेली असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मी हलके मानत नाही. या मालिकांतले पुष्कळ नायक दांडगाई करतात, आणि कथा त्यांना क्षमा करते. योको कामिओच्या १९९२मध्ये सुरू झालेल्या ‘हाना योरी दांगो’मधला श्रीमंत दोम्योजी आधी नायिकेचा छळ करतो, मग तिच्यावर प्रेम करतो. असे वाचून मुलींची समज बिघडणार नाही का? आपल्या लायब्ररीतल्या कादंबऱ्यांतही हट्टी, रागीट, शेवटी विरघळणारा नायक होताच, हे आधी कबूल केले पाहिजे. दोष जपानचा नाही, प्रेमकथेच्या जातीचा आहे. पण वाचक काय म्हणतात तेही ऐकले पाहिजे. याच दोम्योजीवरून वाचकांत किती फूट आहे! आई याझावाची ‘नाना’ तर या निवाड्याची सर्वांत कठीण परीक्षा. २०००मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत नाना नावाच्या दोन मुलींपैकी एक गरोदर राहते आणि हळव्या नोबूऐवजी घर चालवू शकणाऱ्या पण बाहेरख्याली ताकुमीशी संसार मांडते. हे शहाणपण की शरणागती? या प्रश्नावर वाचक भांडतात तेव्हा ते पैसा, सुरक्षितता, निष्ठा आणि स्त्रीचे एकटेपण यांवरच भांडत असतात. ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या मिळवत्या मुलींपुढे याहून फार वेगळे काय होते? वाईट नायकाची गोष्ट वाचणे आणि वाईट नायकाला मान्यता देणे यांत जे अंतर आहे, ते वाचकाचे मत राखते. मत मांडायला जागा नसेल तर मात्र आक्षेप घेणाऱ्याचे भय खरे ठरू शकते.

चित्रे पाहणे म्हणजे वाचणे नव्हे, हाही एक समज आहे. त्यावर फार थांबायला नको. दीनानाथ दलालांनी १९४५पासून ‘दीपावली’ सजवली, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे घरोघर गेली. नायिकेची मान किती झुकली आहे, यावरून कथेचा सूर ओळखणारा वाचक मराठीने तेव्हाच घडवला होता. मांगाने ते काम प्रत्येक चौकटीला दिले. शब्द नसलेली दोन पाने, फक्त एक हात आणि दाराची कडी. ती वाचायला जी सावध नजर लागते, ती आळशी वाचकाकडे नसते.

अडचण आहे ती दुसरीकडे. ही मुले इंग्रजीतून वाचतात आणि मते सांगतात अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या हिंदीत. जपानीतून मराठीत थेट पूल बांधता येतो, हे चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या ‘तोत्तोचान’ने दाखवून दिले आहे, आणि पुण्यात जपानी शिकणारे विद्यार्थी आज पुष्कळ आहेत. मुलांसाठीचे ते पुस्तक मराठी घरांनी आपलेसे केले. तरुणांसाठीची, हाकेच्या एका शब्दावर तोललेली प्रेमकथा मराठीत आली तर तिथे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘अहो’ इंग्रजीहून अचूक बसतील. एखाद्या प्रकाशकाने एक मालिका घ्यावी आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी वाचकांच्या मतांसाठी चार पाने राखावीत. ‘नाना’ लेखिकेच्या आजारपणामुळे २००९मध्ये थांबली, ती अजून अपुरी आहे. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अशाच अपुऱ्या राहिल्या. त्या पुढे कशा जाव्यात याविषयी ‘करमणूक’च्या वाचकांनी काय म्हटले असेल, ते आपल्याला वाचायला मिळत नाही, ‘नाना’च्या भाईंदरमधल्या वाचकांचे म्हणणे मात्र अजून विचारून घेता येईल.